स्टँडबायचा माणूस

"फिरला का तुझा लाडका?" मिस्त्रींनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं.

"फिरला," तो म्हणाला आणि खडूचे हात झटकले.

पाणीपुरवठ्याच्या त्या पंपघरात दोन पंप होते. एक चालायचा आणि दुसरा, पहिला बंद पडला तर असावा म्हणून, गप्प उभा असायचा. ह्या उभ्या पंपाला सगळे स्टँडबाय म्हणत, आणि त्याची देखभाल करणाऱ्यालाही स्टँडबायच म्हणत. नुसतं उभं राहणंही यंत्राला बाधतं. आतला लोखंडी दांडा, शाफ्ट, स्वतःच्याच वजनाने हळूहळू वाकतो, बेअरिंगला एकाच जागी खड्डे पडतात. म्हणून रोज सकाळी तो दोन्ही हातांनी शाफ्ट पाव फेरा फिरवायचा आणि कुठवर आला तिथे खडूची खूण करायचा. एकवीस वर्षं हे चाललं होतं. त्यात पंप खरोखर चालवायची वेळ किती वेळा आली, ते बोटांवर मोजता आलं असतं.

हा शब्द त्याच्या मागे शाळेपासूनच लागला होता म्हणा ना. संघात तो बारावा. शाळेच्या नाटकात कुणी आजारी पडलं तर हवा म्हणून त्याला सगळ्यांची भाषणं पाठ, आणि आजारी मात्र कधी कुणी पडलं नाही. नोकरी लागली तीही वेटिंग लिस्टमधून. पंपघरात ज्याला रजा हवी असेल तो ह्याच्या खांद्यावर हात टाकायचा, "तू आहेस ना स्टँडबाय!" तो लगेच "आहे की" म्हणायचा. नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही, आणि त्याचं त्याला फारसं वाईट वाटत असेल असंही कधी दिसलं नाही.

वाईट वाटायचं ते एकाच गोष्टीचं, आणि ती तो कुणालाही सांगत नसे. त्याच्या बायकोचं लग्न ठरलं होतं ते त्याच्या थोरल्या भावाशी. लग्नाला दोन दिवस उरले आणि दादा उशीखाली चिठ्ठी ठेवून निघून गेला. हॉल ठरलेला, पाहुणे उतरलेले, मुलीचे वडील डोक्याला हात लावून बसलेले. तेव्हा घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी वळून ह्याच्याकडे पाहिलं. दादासाठी शिवलेला कोट ह्याच्या अंगावर चढला. बाह्या लांब होत्या, त्या आतून टाचण्या लावून दुमडल्या. दिवसभर त्या टाचण्या मनगटांना टोचत होत्या.

संसार चांगला झाला. मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन तिच्या घरी गेली. पण आपण हिच्या आयुष्यात दुसऱ्याच्या जागी उभे आहोत, हे काही त्याच्या मनातून गेलं नाही. सव्वीस वर्षांत दादा दोनदा घरी आला आणि दोन्ही वेळा ह्याने मुद्दाम ड्यूटी लावून घेतली. त्या दोघांना काय बोलायचं असेल ते बोलू दे, म्हणून. एवढा शहाणपणा ह्याला कुणी शिकवला होता कोण जाणे!

तो डबा खिडकीत ठेवत होता तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडून दादाचे घरमालक बोलत होते. दादा पहाटे झोपेतच गेला होता. तो एकटाच राहायचा आणि त्याच्या डायरीच्या पहिल्या पानावर ह्याचा नंबर होता.

"संध्याकाळपर्यंत पोहोचाल ना?" घरमालकांनी विचारलं.

"हो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

मिस्त्रींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काय रे? चेहरा का असा झालाय?"

"दादा गेला."

"अरे अरे! नीघ तू, घरी जा. इथलं मी बघतो."

"पण हिला कसं सांगू?"

मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिले. भाऊ ह्याचा गेला आणि काळजी ह्याला बायकोची. धक्का बसलाय बिचाऱ्याला, असं त्यांना वाटलं.

वाटभर तो एकच गोष्ट घोकत होता. ती रडेल. रडू दे. आपण मध्ये यायचं नाही. इतकी वर्षं जे तिने आत दाबून ठेवलं असेल ते आज बाहेर येईल, आणि ते आपल्याला दिसेल. त्याला त्याचीच भीती वाटत होती, आणि आजच्या दिवशी असली भीती वाटते ह्याची लाजही.

बायको खिडकीपाशी मशीनवर कुणाचे तरी पडदे शिवत होती. ह्या वेळी तो दारात दिसल्यावर तिचा पाय थांबला.

"दादा गेला," तो म्हणाला. "पहाटे. झोपेतच."

तिने पदर तोंडाशी नेला. मग उठून आतल्या खोलीत गेली. तो तिच्या मागे दारापर्यंत गेला, आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं आणि बाहेर उभा राहिला. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. काय काढत असेल? एखादं जुनं पत्र? फोटो? त्याचे कान त्या दाराला लागले होते.

दार उघडलं. तिच्या हातात बॅग होती, बॅगेत त्याचे दोन शर्ट, टॉवेल, त्याची रक्तदाबाची गोळी.

"दार कुणी ओढलं?"

"मीच. म्हटलं, तुला जरा... मोकळं रडता येईल."

"मला?" तिला आधी कळेचना. मग कळलं, आणि ती बॅग बाजूला ठेवून खाली बसली. "अहो, भाऊजी दोनदा आले आणि तुम्ही दोन्ही वेळा पळालात, ते ह्यासाठी? मला वाटायचं, तुमचा त्यांच्यावरचा राग गेला नाही."

त्याने मान खाली घातली.

"लग्नाआधी मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही खाली मान घालून. त्यांचे बूट तेवढे आठवतात मला." तिचा आवाज चिरकला. "सव्वीस वर्षं हे डोक्यात घेऊन बसलात? विचारायचं तरी एकदा!"

"मी आपला स्टँडबाय..."

"तो शब्द तिकडे पंपघरात ठेवून येत जा. ह्या घरात मी दुसऱ्या कुणाची वाट पाहिलेली नाही." तिने त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं. "भाऊ तुमचा गेलाय हो. तुमचा."

मग त्याला एकदम दादा आठवला. कोट टाकून गेलेला नव्हे, त्याच्या आधीचा. नापासाच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची हुबेहूब सही ठोकून देणारा. एका पलंगावर झोपताना ह्याला भिंतीकडे सरकवून स्वतः कडेला झोपणारा. पहाटे तो एकटाच होता, आणि उशाशी कुणीही नव्हतं.

"पडायचा गं तो," तो म्हणाला. "रात्रीत दोनदोनदा खाली पडायचा, पण मला कडेला येऊ द्यायचा नाही." आणि त्याला रडू फुटलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, गप्प राहा म्हणाली नाही.

दारात शेजारीण आली होती, पडदे न्यायला. आतलं दृश्य पाहून ती तिथेच थबकली.

"यांचे मोठे भाऊ गेले," बायको म्हणाली.

शेजारणीने चपला बाहेर काढल्या, आत आली आणि त्याच्या समोर जमिनीवर बसली.