तीन माणसांचं घर

भाड्याचं घर बघायला गेलं की पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, माणसांचा असतो. किती जण? कोण कोण? बाई कामावर जाते का, आणि गेली तर परत किती वाजता येते? मूल रडकं आहे का? भिंतीला खिळे ठोकता का? पाहुणे फार येतात का? जणू घर द्यायचं नाही, पोरगीच द्यायची आहे. आणि एवढं सगळं विचारून झालं की मग दाराशी उभ्या असलेल्या म्हातारीकडे हनुवटी उडवून, "ह्या पण का?"

ह्या म्हणजे काजवाली. जन्मभर तिनं शिंप्यांकडून कपडे आणून काजं-बटणं करून दिली. नवरा असतानाही केली, गेल्यावरही केली. तिच्या हातचं काज दहा वर्षं उसवत नाही, हे शिंपीच सांगायचे. ती स्वतः सांगायची ते वीस वर्षं. ज्या इमारतीत तिचा संसार झाला, पोरगा झाला, सून आली, नात झाली, ती इमारत पाडायला काढली आणि चौघांना घर शोधत दारोदार फिरायची पाळी आली.

सहा घरं बघितली. सहाव्या घराची मालकीण गोड बोलणारी होती. असल्या बाईपासून काजवाली नेहमी दोन हात लांब राहायची.

"तुमच्याबद्दल काही नाही हो," मालकीण पोराला म्हणाली, "पण म्हातारं माणूस म्हटलं की आजारपण आलं. घरात काही बरंवाईट झालं तर पुढं कोणी भाड्यानं घेत नाही. आम्हालाही बघावं लागतं ना."

"म्हणजे तुमच्यात कोणी मरत नाही वाटतं?" काजवाली दारातूनच म्हणाली. "बरं आहे. एवढा पत्ता देऊन ठेवा, मीही येते मग राहायला."

दार लागलं. जिन्यात पोराने कपाळाला हात लावला. तो लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत होता. दिवसभर अंधाऱ्या बोळकांडीत लोंबकळून काम करायचा आणि संध्याकाळी हे.

"आई, तुझं हे तोंड! गेलं हेही घर."

"तोंड माझ्या मालकीचं आहे," ती म्हणाली, "तेवढं एक तरी भाड्याचं नाही."

सातवं घर बघायला पोरगा एकटाच गेला. संध्याकाळी किल्ली घेऊन आला, ती सुनेच्या हातात दिली आणि आईकडे न बघता म्हणाला, "तीन सांगितलेत."

काजवाली सदऱ्याच्या पट्टीवर काज घालत होती. तिनं टाका पुरा केला.

"कोणाला गाळलं? मुंगीला?"

मुंगी म्हणजे नात. सात वर्षांची, कुठंही शिरणारी. पोरगा हसला, पण ते हसू काही ओठांच्या पुढं गेलं नाही.

"कागदावर फक्त, आई. करार वर्षाचा आहे. मालक खालच्या मजल्यावरच राहतो, त्याला दिसायला नको. तू पाहुणी म्हणून येत-जात राहा. आठ-दहा दिवस इथं, दोन-तीन दिवस बाहेर. पुढं बघू ना."

सून भिंतीकडे बघत होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना नीट दिसतंय का विचारून दमलेली असायची, घरी तिला फारसं काही बघायचं नसायचं. वाईट नव्हती. काजवालीनं पुष्कळ शोधून पाहिलं होतं, पण खरोखर वाईट म्हणावी असं काही तिच्यात सापडलं नव्हतं.

"नाटकच करायचंय ना?" काजवाली म्हणाली. "मग नीट करू. मला अर्धंमुर्धं काही जमत नाही."

आणि तिनं ते तसं केलं. महिन्यातून दोनदा ती सकाळी बॅग घेऊन जिन्यात उभी राहायची आणि खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात निरोप घ्यायची. "येते गं बाई! पोरीला जप! दूध वेळेवर घ्या! राहिले असते, पण तिकडं माझं सगळं तसंच पडलंय!" तिकडं म्हणजे कुठं, ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं गावही सांगितलं असतं आणि गल्लीही.

जायची ती बसने चार थांबे पुढं, मोठ्या दवाखान्यात. जगात फुकट बसायची अशी एकच जागा आहे, जिथं तुम्ही का बसलात हे कोणी विचारत नाही. लोखंडी खुर्च्यांच्या रांगा, भिंतीवर नंबरांचा दिवा, सगळे आपापल्या काळजीत. सकाळी ती डोळ्यांच्या विभागात बसायची, दुपारी हाडांच्या, संध्याकाळी कातडीच्या. म्हणजे पहारेकऱ्याच्या नजरेत भरायला नको. मांडीवर कपडा, बोटात अंगठी नाही पण सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान आहे, आणि काजामागून काज.

पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईने विचारलं, "आत कोण आहे तुमचं?"

"मुलगा," ती बोलून गेली. असलं अभद्र कुठून आलं तोंडात? त्यानंतर कोणी विचारलं की ती म्हणायची, "शेजारीण आहे. कटकटी आहे, पण काय करता."

रात्री ती आयाबाईकडे जायची. आयाबाई त्याच दवाखान्यात कामाला, जुनी ओळखीची. मागच्या बोळात चार बायकांनी मिळून एक खोली घेतलेली, चार खाटा. कोणाची ना कोणाची रात्रपाळी असायचीच, त्या खाटेवर काजवाली पडायची. दुसऱ्याच्या उशीला दुसऱ्याच्या तेलाचा वास. तिनं कधी तक्रार केली नाही. म्हणजे आयाबाईकडे केली, घरी केली नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी निरोपाचा कार्यक्रम आटोपून ती खाली उतरत होती, तर मालक जिन्यात उभा. पोस्टातून निवृत्त झालेला, काटकुळा, बोलायला जड. पुढं येऊन त्याने तिच्या हातातली बॅग घेतली.

"द्या बाई, थांब्यापर्यंत सोडतो."

चार पायऱ्या उतरला आणि थांबला. बॅग जराशी वर उचलली, खाली केली.

"मी एकतीस वर्षं पार्सलांच्या खिडकीवर होतो," तो म्हणाला. "काट्यावर ठेवायच्या आधी वजन सांगायचो. ही बॅग कुठल्या गावाला निघालेली नाही, बाई. हिच्यात एक टॉवेल आहे, दोन कपडे आहेत आणि बाकी वर्तमानपत्रं कोंबलीत."

काजवालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "बाईमाणसाच्या बॅगेत काय आहे ते सांगायचं पोस्टात शिकवतात वाटतं?"

"नाही. ते आपोआप येतं." तो हसला नाही. "तुमच्या मुलानं तीन सांगितले, मी तीन लिहिले. म्हातारं माणूस नको असं मी काही म्हणालो नव्हतो. माझी आई ह्याच घरात गेली. त्याच खोलीत मी झोपतो, चांगली झोप लागते." मग बॅग दुसऱ्या हातात घेऊन, "आता झालेला करार मोडायला नको. वर्ष संपलं की नवा करू, तेव्हा चार लिहू. तोवर करा तुम्ही येणं-जाणं."

आता हे घरी जाऊन सांगायचं की नाही? दुसरी कोणी असती तर धावत वर गेली असती. पण काजवालीला आपलं नाटक तिसऱ्याच महिन्यात पकडलं गेलं, तेही बॅगेच्या वजनावरून, हे कबूल करणं जिवावर आलं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. तिला ते राखून ठेवायचं होतं. वर्षाच्या शेवटी मालक आपणहून म्हणेल, चार लिहू, पोरगा तोंड उघडं टाकून बघत राहील, सून चहाचा कप खाली ठेवेल, आणि ती म्हणेल, "मला कधीपासूनच माहीत होतं." तेवढ्यासाठी ती नऊ महिने दवाखान्याच्या खुर्च्यांवर बसली. अंगठ्याला घट्टे पडले, कंबर धरली, पण आतून ती खूश होती. मालक जिन्यात भेटला की फक्त म्हणायचा, "निघालात?" आणि ती म्हणायची, "निघाले, करता काय!"

ह्या नऊ महिन्यांत वर काय होत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं असं नाही. तिची घडीची खाट खिडकीजवळच्या कोपऱ्यात असायची. एकदा ती परत आली तर तिथं मुंगीचं टेबल.

"तुम्ही नव्हता ना आई, म्हणून जरा मांडलं," सून म्हणाली. "तिला उजेड लागतो लिहायला. काढते लगेच."

काढलं. पुढच्या खेपेला काढायला उशीर झाला. त्याच्या पुढच्या खेपेला काजवालीच म्हणाली, "असू दे गं, कशाला ओढाओढ." मग टेबलावर दिवा आला, शेजारी पुस्तकांची फळी आली, आणि खाट उघडली की पाय भिंतीला टेकायचे. ती गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. मुंगीही येताजाता विचारू लागली होती, "आजी, ह्या वेळी किती दिवस आहेस?" प्रश्न साधा होता, शाळेला सुट्टी किती आहे विचारावं तसा.

वर्ष भरलं. रविवारी दुपारी मालक नवा करार घेऊन वर आला. काजवालीनं सकाळीच धुतलेले कपडे घातले होते, केस नीट बांधले होते. ती चहा टाकायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. दार अर्धं उघडं होतं. तिनं गॅस बारीक केला, आवाजाने एखादा शब्द हुकायला नको.

"तर नावं," मालक म्हणाला. "तुमचं, बाईंचं, मुलीचं." पेन थांबलं. "आणि तुमच्या आईंचं लिहू ना? इथंच असतात की त्या बहुतेक. माझी काही हरकत नाही. भाडंही तेवढंच राहील."

आतमध्ये काजवालीनं पदार्थ चाखावा तसा तो क्षण जिभेवर धरला.

"नाही नाही," पोरगा म्हणाला. "आई पाहुणी असते. येते-जाते."

"मी आपणहून म्हणतोय—"

"नको हो. तिचं सगळं तिकडं आहे. इथं करमतही नाही तिला. आणि जागा तरी कुठं आहे? तीनच लिहा."

"अहो—" सून म्हणाली.

"तीनच," पोरगा म्हणाला.

काजवालीनं चहा गाळला. कप तबकात ठेवले, बाहेर आली. मालकाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पेन अजून कागदाला टेकलेलं नव्हतं.

"काय बाई? मुलगा म्हणतो तीन. तुम्ही काय म्हणता?"

एका शब्दाचं काम होतं. जन्मात तिची जीभ कधी अडली नव्हती. मालकिणींपुढं नाही, शिंप्यांपुढं नाही, नवऱ्यापुढं तर नाहीच. तिनं पोराकडे पाहिलं. तो तिच्याकडेच बघत होता, डोळ्यांनी हात जोडल्यासारखा. पण कशासाठी? आपलं खोटं उघडं पाडू नकोस म्हणून, की राहू नकोस म्हणून? एवढी वर्षं तिनं सुईच्या टोकाएवढ्या चुका बघितल्या. पोटच्या पोराचा चेहरा मात्र तिला त्या दुपारी वाचता आला नाही.

"बरोबरच म्हणतो तो," ती म्हणाली. "मी कुठं राहते इथं? उद्या सकाळी निघालेच आहे."

मालकाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. मग लिहिलं. चहा त्याने उभ्या-उभ्या संपवला आणि जाताना कोणाकडे पाहिलं नाही.

दार लागल्यावर पोरगा मोठ्याने हसला. "बघितलंस आई? काय डाव टाकत होता! चार म्हणालो असतो की लगेच म्हणणार, म्हणजे वर्षभर खोटं बोललात, करा घर खाली. मी काय दूधखुळा आहे?"

"हुशार आहेस बाबा," काजवाली म्हणाली.

आता सांगावं का? तो डाव नव्हता रे. त्याला तिसऱ्या महिन्यापासून माहीत होतं. तो मला घरात घ्यायलाच आला होता, आणि तू दार लावलंस. शब्द तयार होते. पण ते ऐकल्यावर पोराचं तोंड बघावं लागलं असतं. तो हळहळला असता, तर ती हळहळ त्याला जन्माची पुरली असती. चूक तिच्या ताठ्याची, आणि भोगणार तो. आणि नसता हळहळला तर? ते बघायची तिची तयारी नव्हती. तिनं कप गोळा केले आणि धुवायला घेतले. सून मदतीला आली, शेजारी उभी राहिली, एक कप दोनदा पुसला.

सकाळी काजवाली तयार झाली तेव्हा पोरगा कामावर निघायच्या घाईत होता. जिन्यात ऐकू जाईल असं ती आज काही बोलली नाही. खोलीतच म्हणाली, "आयाबाईकडे एक खाट रिकामी झालीय. एक बाई गावी गेली कायमची. मी म्हणते, तिथंच राहावं. दवाखान्याच्या कपड्यांची काजंही मिळतील. बसच्या खेपा तरी वाचतील."

"कशाला आई?" पोरगा म्हणाला.

ती थांबली. माणूस पहिल्यांदा 'कशाला' म्हणतो ते रीतीला धरून. खरं काय ते दुसऱ्यांदा म्हणण्यात असतं. सून दाराच्या चौकटीशी उभी होती. मुंगी टेबलावर वाकून लिहीत होती, खिडकीतला उजेड तिच्या वहीवर नीट पडत होता.

काजवाली खाली बसली आणि चपलेचा पट्टा लावायला लागली. पट्टा सोपा होता, एकच बटण. तिनं तो लावला, सोडला, पुन्हा लावला. पोराने खिसे चाचपले, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली, घड्याळात पाहिलं.

"बघ," तो म्हणाला, "तुला सोयीचं पडत असेल तर."