काकडीचा आजार

एका दुकानदाराने टबात पाय सोडले, महाराजांनी बटण दाबलं आणि बघता बघता स्वच्छ पाणी गढूळ तांबडं झालं. अख्ख्या हॉलने हात जोडले.

"हा तुमच्या अंगातला गाळ," टबवाले महाराज म्हणाले. "याच्याखाली प्रतिकारशक्ती दबली होती, आता मोकळी झाली. औषधं बंद. सुया तर विषच."

मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या नर्सबाईची मूठ वळली. गेल्या वर्षी तिच्या थोरल्या बहिणीच्या पायात खिळा घुसला, तेव्हा तिचेही पाय याच टबात बुडवले होते. पाणी तांबडं झालं आणि इंजेक्शन राहून गेलं. मग जबडा आवळला, पाठ कमानीसारखी ताणली, धनुर्वाताने ती गेली. महाराज म्हणाले, "श्रद्धा कमी पडली." नर्सबाईला या वाक्याची परतफेड करायची होती, तीही सव्याज.

त्यात आज बहिणीच्या मुलीच्या टाचेत पत्रा शिरला होता आणि भावोजी तिला कडेवर घेऊन इथेच रांगेत उभे होते.

"भावोजी, दवाखान्यात चला."

"तुझ्या ताईला आणायला उशीर झाला होता," ते म्हणाले. "या खेपेला वेळेवर आलोय."

नर्सबाईने वाद घातला नाही. ती सरळ पुढे गेली. "महाराज, आधी माझे दोन पेशंट घ्या." तिने पिशवीतून दोन काकड्या काढल्या. पाणी बदललं, महाराज टाकायचे तेच मीठ टाकलं, काकड्या सोडल्या आणि बटण दाबलं. पाणी तांबडं झालं.

"काय झालंय हो यांना? मधुमेह की सांधेदुखी?"

"काकडीतही दोष असतात," महाराज सावरत म्हणाले.

तिने काकड्याही काढल्या. नवं पाणी, नुसतं मीठ. तेही तांबडं झालं. आता लोक हसू लागले.

वीज बंद करून तिने टबातली लोखंडी पट्टी वर उचलली. "हा तुमचा गाळ. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजतं. अंगातून काही येत नाही."

महाराजांनी पट्टी हिसकावली आणि तिची कातरलेली धार त्यांच्याच तळहातात घुसली. रक्त आलं.

"बुडवा की टबात," नर्सबाई शांतपणे म्हणाली. "गाळ निघेल."

महाराजांनी हात मागे घेतला. मग हळूच पुटपुटले, "धनुर्वाताचं इंजेक्शन मिळेल का?"

"मोठ्याने बोला. मागे ऐकू जात नाही."

त्यांना मोठ्याने बोलावं लागलं. नर्सबाईला मनापासून बरं वाटलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

"ऐकलंत? विष मागताहेत," ती हॉलकडे वळून म्हणाली. "प्रतिकारशक्ती आहेच. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रात्रंदिवस पहारा देतात. पण धनुर्वाताचं विष इतकंसं पुरतं, की त्यांना सुगावा लागायच्या आत माणूस जातो. लशीत त्याच विषाची दात पाडलेली नक्कल असते. ती पाहून पेशी शत्रूला ओळखायला शिकतात आणि त्याच्यावरचा उतारा तयार ठेवतात. टबात पाय बुडवून त्या काय शिकणार?"

भावोजी मुलीला घेऊन केव्हाच दाराकडे निघाले होते. त्यांची मान खाली होती. महाराज रुमालाने हात दाबत त्यांच्यापुढे घुसू लागले.

"मागे राहा," नर्सबाई म्हणाली. "आधी माझी भाची. मग तुम्हालाही टोचते. माझ्या बहिणीला तुम्ही तेवढंही मिळू दिलं नाहीत."

तेव्हा मंडळी, पाणी तांबडं झालं की हात जोडण्याआधी एकदा काकडी टाकून बघा.