पोटुशी पाकट

थायलंडमधल्या रात्चबुरीच्या मत्स्यशाळेत बुनलर्टने टाकीतली चपटी पाकट मासळी धरायला जाळं उचललं, तशी त्याची वहिनी प्रानोम कडाडली, "ठेव ते! शेपटीचा काटा जाळ्यात अडकला तर पोटुशी पाकट तडफडून पिल्लं टाकेल."

"वहिनी, गिऱ्हाईक व्हिडिओ कॉलवर ताटकळलंय. पोट दाखवतो नि सोडतो दुसऱ्या टाकीत."

"सकाळी भिक्खूंच्या पात्रात भात घालतोस, आणि या आईला पाण्याबाहेर लोंबकळवतोस? तू पोटात असताना तुझ्या आईला कुणी टांगून दाखवलं होतं का रे?"

बुनलर्टने जाळं ठेवून फोन बंद केला. प्रानोमने पाण्यातच फळीने पाकटीला हळूहळू टबात सरकवलं. दोघांनी टब पाण्यासकट नव्या टाकीत बुडवला. पाकट आपणहून बाहेर सरकली, भरल्या पोटाने वाळूवर पसरली.

"गिऱ्हाईक गेलं," तो पुटपुटला.

"जाऊ दे मेलं!"