फिक्या गड्ड्यांचा नाताळ

मी एक जुना, काळा दगड आहे. कातानिया शहराजवळ, ज्वालामुखीच्या पायथ्याशी, एका परसबागेत कुदळीखाली सापडलो. आताचा घरमालक ओराझिओ याच्या आजोबांनी मला घासूनपुसून स्वयंपाकघरात आणले आणि मी नशीब काढले.

मित्रांनो, आमच्याकडे नाताळाच्या आदल्या दिवशी बागेतला हिरवा फ्लॉवर शिजतो. फ्लॉवर, कांदा, ऑलिव्ह, खारवलेली मासळी आणि चीज यांचे थर, त्यावर लाल वाइन, मग झाकण, आणि दाब म्हणून झाकणावर मी. एरवी खिडकीत धूळ खात बाग बघतो. सवय झाली आहे.

यंदा घरात नवी सून आली. मिरेला, दूर उत्तरेची. तिच्या माहेरी फ्लॉवर पांढराशुभ्र राहावा म्हणून गड्ड्यावर पाने बांधून ठेवतात. पोरीने हौसेने आमचेही सगळे गड्डे सुतळीने बांधले. मी बघत होतो. पण पडलो दगड, सांगणार कसा?

नाताळाच्या आदल्या सकाळी सासूने, व्हेनेराने, सुतळ्या सोडल्या. ऊन न मिळाल्याने हिरवा रंग चढलाच नव्हता. गड्डे फिके पडले होते.

"अगं, हे काय करून ठेवलंस? संध्याकाळी सगळा गोतावळा जेवायला येणार!"

मिरेला रडकुंडीला आली. "आई, मला वाटलं छान होतील. आता बाबा सगळ्यांसमोर माझी खिल्ली उडवतील."

ओराझिओची जीभ तिखट, हे खरेच होते. मला पोरीची फार दया आली.

व्हेनेराने एक तुरा मोडून चावला. मग वाइनची बाटली उचलली. "चवीला बरा आहे. आणि हिच्यात बुडाल्यावर कोण हिरवा नि कोण पांढरा? चल, कांदा चिरायला घे. रडायचंय तेवढं त्यात रडून घे."

संध्याकाळी पहिले पातेले बघता बघता संपले. ओराझिओ बोटे चाटत म्हणाला, "याला म्हणतात हिरवा फ्लॉवर! काय सूनबाई, तुमच्याकडच्या पांढऱ्याला येईल का याची सर?"

"छे हो, बाबा," मिरेला मान खाली घालून म्हणाली. व्हेनेराला जोराचा ठसका लागला.

दुसरे पातेले तयार झाले, तरी व्हेनेरा जागची हलली नाही. "मिरेला, हे तू उघड," ती म्हणाली. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. या घरात पातेले मालकिणीशिवाय कोणी उघडत नाही. मिरेलाने मला दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवले आणि झाकण काढले. मी दगड, पण मलाही भरून आले.

मित्रांनो, घरात नव्याने आलेल्या माणसाच्या हातून चूक झाली, तर ती चारचौघांत मांडू नका. शिजवून टाका आणि पोटभर जेवा.