पलीकडच्या टोकाला दादा होता

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी एक बिजागरी मोडली आहे, त्यामुळे झाकण हाताने धरून ठेवावे लागते. पण एके काळी दोन भावंडांचे माझ्यावाचून पान हलत नसे.

ती भावंडे इमारतींमध्ये नेटवर्कच्या केबल टाकत आणि मग त्या तपासत. दादा दुसरा लॅपटॉप घेऊन दूरच्या टोकाला बसे. त्याची धाकटी बहीण चिमी मला मांडीवर घेऊन या टोकाला बसे. माझ्या काळ्या पडद्यावर ती एका ओळीची आज्ञा टाइप करायची. लगेच मी माहितीची बारीक बारीक पाकिटे भराभर पलीकडे पाठवायचो. किती वेगाने पोचली, किती वाटेत गळाली, ते आकडे पडद्यावर उमटत. आकडे चांगले आले की चिमी माझी पाठ थोपटायची. मला धन्य वाटे.

मग दादा आजारी पडला. इस्पितळात त्याला वरच्या मजल्यावर वेगळ्या खोलीत ठेवले; त्याचा लॅपटॉप त्याच्याजवळ होता. कोणालाच आत सोडत नसत. आई खालच्या मजल्यावर केबलला जोडलेल्या माझ्यासमोर बसून त्याला पाहायची; पण चित्र गोठायचे, आवाज तुटायचा.

"काय म्हणाला गं तो?" आई विचारायची. चिमीलाही कळलेले नसायचे.

शेवटी चिमीने इस्पितळाकडून परवानगी काढली आणि दादाला फोन लावला.

"दादा, लाइन तपासायचीय. तुझ्या बाजूचं नर्सना करायला सांगू का?"

"मला येतं की अजून," तो धापा टाकत म्हणाला. "थांब. हं, सोड आता."

मी पाकिटे सोडली. कितीतरी वाटेतच गळाली. चिमी केबलचा माग काढत वर गेली. मधल्या मजल्यावर लोखंडी कपाटाच्या पायाखाली केबल चेंगरली होती. तिने नवी टाकली. पुन्हा चाचणी झाली.

"एकही गळालं नाही," दादा म्हणाला. "हात बसलाय तुझा, चिमे. आता आईला दे."

आईने त्याचा चेहरा डोळे भरून पाहिला.

"दाढी किती वाढलीय रे."

"घरी आलो की करतो."

दोघे बराच वेळ बोलत राहिली. गळक्या नळाविषयीसुद्धा बोलली.

दादा घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्याचा लॅपटॉप तेवढा एका पिशवीतून परत आला.

काही महिन्यांनी चिमीने आम्हा दोघांना एकाच टेबलावर ठेवले. मध्ये वीतभर केबल जोडली. तिकडची आज्ञा तिनेच टाइप केली, इकडचीही तिनेच. आकडे इतके चांगले कधीच आले नव्हते. ती त्यांच्याकडे बघत बसली. मग तिने आमची झाकणे हळूच मिटली. त्यानंतर मला कोणी उघडलेले नाही.

मुलांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांना अडगळीत टाकू नका, अधूनमधून धूळ पुसत जा. आणि आपल्या माणसाचा आवाज तुटत असेल, तर "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवू नका. काय बिघडले आहे ते शोधा, दुरुस्त करा, आणि पलीकडे माणूस आहे तोवर बोलून घ्या.