नायरीच्या हातातली डागणी

मी एक जुनी डागणी आहे. न्यूझीलंडच्या वायरारापा भागातल्या टेकड्यांवर डगल लोहाराने मला मोडक्या नांगराच्या फाळातून घडवलं. माझं काम एकच, विस्तवात तापून कोकरांच्या शेपट्या आखूड करायच्या. लांब शेपटीला घाण चिकटते, माश्या बसतात आणि मग किडे जिवंत मेंढी पोखरतात.

आधी मी आल्विन नावाच्या मेंढपाळाच्या हातात होते. एका वसंतात, ऐन हंगामात, घोड्याने त्याचा हात मोडला. शेजारचा क्लेम म्हणाला, मी करून देतो, हे बायकांचं काम नव्हे. आल्विनची बायको नायरी पुढे झाली. तिने मला विस्तवातून उचललं.

पहिल्याच कोकराला चूक झाली. मी पांढरी होईतो तापले होते. इतकी तापलेली डागणी शेपूट कापते, पण जखम मिटवत नाही. रक्त थांबेना. तासाभरात कोकरू गेलं.

नायरी कुंपणाला टेकून बसली. "मला नाही जमायचं," ती म्हणाली.

आल्विन तिच्याशेजारी बसला. "माझं पहिलंही गेलं होतं गं. मी कुणाला सांगितलं नाही, एवढंच. उद्या मंद लाल झाली की उचल."

दुसऱ्या दिवशी तिने तसंच केलं. त्या वसंतात पुन्हा एकही कोकरू दगावलं नाही. पुढच्या वर्षी क्लेम टोपी हातात घेऊन दारात उभा. "वहिनी, आमच्याकडे याल का जरा?"

एकोणतीस वसंत मी तिच्या हातात होते. दर कोकराला ती हळूच म्हणायची, "झालं बाळा, झालं." मला त्या आवाजाची सवयच लागली.

मग तिच्या मुलाने, गॅरथने, रबरी कड्या आणल्या. कडी चढवली की शेपूट वाळून गळते. विस्तव नको, धूर नको. नायरी म्हणाली, बरंच झालं. तरी दर वसंतात ती मला तेल लावायची, उगाच. ती गेली, त्या वर्षी तेल लावायला कुणीच आलं नाही.

आता मी गावातल्या खाणावळीच्या भिंतीवर शोभेला टांगलेली आहे, काळा रंग फासलेली. परवा एका पाहुणीने विचारलं, हे काय आहे? वाढपी म्हणाला, "असंच, जुनं लोखंड." माझी लाकडी मूठ नायरीच्या बोटांनी झिजली आहे. रंगाखाली ते खळगे अजून आहेत.

मित्रांनो, मला पुन्हा विस्तवात जायचं नाही. कोकरं सुखात असोत. पण तुमच्या घरी एखादं जुनं अवजार असेल, तर ते पुसून ठेवा आणि ते कुणाच्या हातात असायचं, हे विचारून घ्या. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच विचारा.