एसी दोन बंद

मॅडमचे आभार तेव्हा तोंडानं मानता आले नाहीत, म्हणून आता लिहून मानतो.

मी दवाखान्यातला शिपाई. तपासणीचे रिपोर्ट ज्या मशीनमध्ये साठतात, त्या थंड खोलीवर माझं लक्ष. वाचायला शिकलो पन्नाशीनंतर, सुनेकडून. बिघाडाचा संदेश फोनवर इंग्रजीत यायचा, तो इंजिनीयर मॅडमनी माझ्यासाठी मराठीत केला.

एका दुपारी फोन वाजला. अक्षर अक्षर लावून वाचलं, 'एसी दोन बंद'. खोलीत एसी दोनच. म्हटलं, दोन्ही बंद करायला सांगताहेत. एक आधीच गप्प होता. वाटलं, कुणीतरी करून गेलं. दुसरा मी बंद केला.

अर्ध्या तासात मशीन तापून थांबली. खिडकीवर रिपोर्टची रांग खोळंबली. साहेब धावत आले, मागोमाग मॅडमही.

"काका, वाचता येत नाही तर तसं सांगायचं! उद्यापासून पार्किंगला बसा."

"वाचूनच केलं, साहेब."

"हो का? शहाणेच आहात!"

पार्किंगला गेलो असतो, पण वाचता येत नाही म्हणून जायचं नव्हतं.

मॅडमनी माझा फोन घेतला. वाचून कपाळावर हात मारला. "साहेब, काकांनी बरोबर वाचलंय. दोन नंबरचा एसी बंद 'पडलाय' असं लिहायचं होतं. शब्द मी खाल्ले. पार्किंगला मी बसते."

साहेबांनी तो संदेश स्वतः वाचून पाहिला.

मशीन सुरू झाल्यावर मॅडमनी मला शेजारी बसवलं. "काका, हेच सूनबाईंना कसं सांगाल?"

"दोन नंबरचा एसी बंद पडलाय. एक नंबरला हात लावू नकोस. दार उघड आणि मॅडमना फोन कर."

त्यांनी तसंच्या तसं टाइप केलं, फक्त 'नकोस'चं 'नका' आणि 'उघड'चं 'उघडा' केलं. मग बाकीचे संदेशही वाचायला काढले. एक होता, 'जागा भरली'.

"माझीच का?" मी विचारलं.

मॅडमना हसता हसता ठसका लागला. "मशीनमधली हो, काका!" साहेबांनाही हसू आवरेना. "तुमची कशी भरेल? ती तुमचीच आहे," ते म्हणाले.

प्रत्येक संदेशाखाली 'वाचून पाहणारा' असा नवा रकाना मॅडमनी केला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. एका बोटानं मी माझं नाव शोधत बसलो. दोघांपैकी कुणीही घाई केली नाही.